खालचे स्वर

अनिरुद्ध,

तू बर्लिनला गेल्यापासून पवईच्या हॉटेलात ऋतिका आणि मी दोघीच वाजवतो. ती ड्रम्स, मी पियानो. तुझा डबल बेस असायचा तेव्हा खालचे स्वर तुझे असत, म्हणून माझा डावा हात तिकडे जायचाच नाही. अजूनही जात नाही.

परवा ऋतिका चिडली. "ताई, डावा हात गोरेगावला ठेवून येतेस का गं? सगळं पोकळ वाजतंय. एक तर खालचंही तूच वाजव, नाहीतर सुयोगला बोलावू दे."

सुयोग बेस वाजवतो. मी त्याला टाळत होते. शेवटी ऋतिकाला हो म्हटलं, आणि काल तो घरी आला. बेस लिफ्टमध्ये मावेना, तर जिन्याने चढवून आणला. आपण नेहमी जिच्यापासून सुरुवात करायचो तीच धून मी मुद्दाम घेतली आणि तो कुठे चुकतो याची वाट पाहत राहिले. तू जिथे क्षणभर थांबायचास तिथे तो थांबलाच नाही. मला त्याच्यामागे धावावं लागलं, आणि मजा आली.

"सॉरी, घाई झाली का?" त्याने विचारलं.

"नाही रे. परत घेऊ."

शुक्रवारपासून तो आमच्याबरोबर वाजवेल. त्याआधी तुला एकदा विचारावंसं वाटलं, परत येतोयस का? पण तू "बघतो" म्हणशील, आणि तेवढ्या एका शब्दावर मी सुयोगला नको म्हणून कळवीन. म्हणून हे पाठवत नाही.

अजून तरी तुझीच,
नीलम