बोलायचं फक्त शहरांबद्दल

मंगळवार, ७ ऑक्टोबर

निघालो एकदाचे! सीटचा पट्टा लावायला रॉयसला पाच मिनिटं लागली. मी हात लावायला गेले तर झटकला. "राहू दे नेडी. जमेल."

केस्लरबाई — त्याच्या वकील — अंगणापर्यंत सोडायला आल्या. न्यायाधीशांनी सही केलेला कागद त्याला दिला. दहा दिवस, चार शहरं, सतरा तारखेला सकाळी नऊला परत कोर्टात हजर. मग मला पायरीपाशी बाजूला घेतलं आणि तीच टेप पुन्हा.

"शिक्षा रद्द झालीय, आरोप नाही. सरकारी वकिलांना सतरापर्यंत ठरवायचंय — पुन्हा खटला चालवायचा की सोडून द्यायचं. चालवला तर तुम्ही त्यांच्या साक्षीदार. त्या संध्याकाळबद्दल भावाशी अवाक्षर नाही. शपथेवर विचारतील, बोललात का? तेव्हा 'नाही' म्हणाल ते खरं असलं पाहिजे."

"मग दहा दिवस एका गाडीत बसून बोलू काय?"

"शहरांबद्दल बोला की!"

त्यांना वाटलं विनोद केला.

सहल रॉयसच्याच डोक्यातली. तुरुंगात एकोणीस वर्षं त्याच्या खोलीत प्रूइट नावाचा म्हातारा होता. अजून आहे — तो काही सुटायचा नाही. त्याच्याकडे कव्हर गेलेलं एक प्रवासाचं पुस्तक. दोघं रोज भांडायचे, बघायला जावं तर कुठलं शहर? शिकागो की न्यू ऑर्लिन्स? दोघांनीही एकही पाहिलेलं नाही! सुटायच्या दिवशी प्रूइट म्हणाला, "जा, बघ, आणि खरं काय ते मला सांग. त्या पुस्तकवाल्यावर माझा विश्वास नाही."

बुधवार, ८ ऑक्टोबर. शिकागो

हॉटेलच्या खोलीच्या दारासमोर तो उभाच. कार्ड हातात, आत जात नाही. मला वाटलं कार्ड लावता येत नाहीये. तसं नव्हतं. कोणीतरी उघडेल याची वाट बघत होता. त्याच्याही लक्षात आलं. मान खाली घालून हसला. मी बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं.

दुपारी नदीतून बोटीने फिरलो. दोन्ही काठांना इमारती, मान दुखेपर्यंत वर. रॉयस त्यांच्याकडे बघतच नव्हता. माणसांकडे बघत होता. कोण कुठे वळतंय, कोणाचा हात खिशात. बोटीवरच्या मुलीने सगळ्यांना उजवीकडे बघायला सांगितलं की हा डावीकडे बघायचा.

मग सरोवर. तिथे मात्र थांबला. पलीकडचा काठ दिसत नाही. "याला भिंत नाही," म्हणाला. अर्धा तास वाऱ्यात उभा. माझे कान गारठले, तरी मी हलले नाही.

गाडीवर हॉट डॉग घेतला. रॉयसने केचप मागितलं. तो गाडीवाला कंबरेवर हात ठेवून — "केचप? दादा, तब्येत बरी आहे ना? कुठून आलात?" मागच्या रांगेतला म्हणतो, "जाऊ दे रे, फार वर्षं गायब होता वाटतं."

रॉयसचा चेहरा पांढराफटक. गंमत होती ती. इथे केचप मागणाऱ्याला सगळेच असं टोचतात. त्याला कसं कळावं? मी त्याला हाताला धरून लांब नेलं. हॉट डॉग तिथेच राहिला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

संध्याकाळी प्रूइटचा फोन. आधी ती यंत्रबाई: हा फोन कारागृहातून आहे, बोलणं रेकॉर्ड होत आहे. 

"काय रे, बघितलंस का शिकागो?"

"बघितलं. मोठं आहे."

"मोठं आहे! एकोणीस वर्षं डोकं खाल्लंस माझं शिकागो शिकागो करून, आणि मोठं आहे? दहापैकी किती?"

"सरोवराला दहा. माणसांना चार."

"माणसांना चार म्हणजे माणसं चांगली दिसतायत. ताई आहे का जवळ? ताई, याला टोपी घाला, सर्दी होते लगेच."

भावाला लगेच सर्दी होते, हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सेंट लुईस

 शिकागोहून येताना इलिनॉयमध्ये मागे पोलिसांची गाडी लागली. निळे दिवे. मागचा लाल दिवा जळत नव्हता म्हणे. रॉयसने न सांगता दोन्ही हात समोर पसरून ठेवले, बोटं फाकून. श्वाससुद्धा घेत नव्हता.

पोलीस तरुण होता, सभ्य. माझा परवाना बघितला, मग त्याचं ओळखपत्र मागितलं. रॉयसने कोर्टाचा कागद दिला. पोलीस वाचत राहिला. एका पानाला इतका वेळ लागतो?

"बाई, तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण."

"कुठे निघालात?"

"शहरं बघायला." 

तो गाडीपाशी जाऊन कोणाशी तरी बोलला. अकरा मिनिटं. परत आला, कागद दिला. "सेंट लुईसला कमान बघा. दिवा मात्र आजच बदलून घ्या."

बदलून घेतला.  मग रॉयस म्हणाला, "नेडी, त्या वेळी तुलासुद्धा असंच —"

"गप्प!" मी ओरडलेच. "शहरांबद्दल बोल."

त्याने कागदाची घडी घातली. म्हणाला, "सेंट लुईसला सारण भरलेला पास्ता, रॅव्हिओली, तळून देतात म्हणे."

शनिवार, ११ ऑक्टोबर

कमान. नदीकाठी, साठ मजली उंच, पोकळ. आतून वर जायला अंड्याच्या आकाराचे डबे, दार कमरेइतकं. पाच जणांनी गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. मला वाटलं याला काही हे जमणार नाही. दार लागलं, डबा खडखडला आणि मीच घाबरले! घाम फुटला. समोरची बाई विचारते, पाणी देऊ का?

रॉयसने माझे दोन्ही हात धरले. "माझ्याकडे बघ. चार मिनिटांचं काम आहे. मोज. एक ते साठ, चारदा. छोट्या जागेचं एवढंच असतं नेडी — मोजायचं."

मी मोजलं. वर बारक्या खिडक्या, खाली नदी, मातकट, रुंद. तो आनंदात होता. काचेला नाक लावून एकेक पूल मोजला. मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. एकवीस वर्षांचा होता तेव्हा ही मान केवढीशी होती!

प्राणिसंग्रहालय इथे फुकट आहे. हॉटेलातल्या बाईने आग्रह केला. तो म्हणाला, "पिंजरे फुकटातही नकोत."

सेंट लुईस: कमानीला नऊ, रॅव्हिओलीला सात. प्रूइटचं मत — "म्हणजे शिकागोच्या पुढे? तू पैसे खाल्लेस त्यांच्याकडून."

रविवार, १२ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. केस्लरबाईंचा फोन नाही. पाच दिवस उरले.

सोमवार, १३ ऑक्टोबर. मेम्फिस

लिहावं की नाही? ही वही कोणाच्या हाती लागली तर? पण कुठेतरी सांगायलाच हवं, नाहीतर मी त्यालाच सांगून बसेन.

अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी. गावातल्या गालिच्यांच्या गोदामाला संध्याकाळी साडेसहाला आग लागली. आत राखणदार होता, मिस्टर ओबरली. गेला. आदल्या आठवड्यात गोदामाच्या मालकाने रॉयसला कामावरून काढलेलं. पोलीस दुसऱ्याच दिवशी आले. मी सतरा वर्षांची. त्यांनी मला एका खोलीत बसवलं. भाऊ किती वाजता घरी आला? मी म्हटलं, पाच. पुन्हा विचारलं. पाच. चार तास! आईला आत येऊ दिलं नाही. घड्याळ बघितलं होतंस का? नव्हतं ना? मग सात कशावरून नाही? शेवटी मी म्हटलं, सात असतील. सही केली. कोर्टात उभं राहूनही तेच म्हटलं, कारण सही केली होती ना! ज्यूरीने त्या एका शब्दावर माझ्या भावाला आत घातला.

आता पोलिसांच्या फायलीत दुसऱ्याच कोणाचं नाव सापडलं, ते तेव्हा बचावाच्या वकिलांना दाखवलं नव्हतं. म्हणून शिक्षा रद्द. माझ्यामुळे नव्हे. मी सव्वीस वर्षं काहीही केलं नाही. आई मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. दर नाताळला ताट वाढायची आणि उठून जायची.

आज दुपारी रिब्ज — डुकराच्या भाजलेल्या बरगड्या — खायला बसलो. इथे कोरडा मसाला की ओला यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. वाढणारी म्हणाली, "ओला मागणारे पलीकडच्या दुकानात जातात, राजा, आणि रडत परत येतात." रॉयस खळखळून हसला. सुटल्यापासून पहिल्यांदा! आणि मला ते सहन झालं नाही. मी टेबलावरून उठून बाहेर आले. तो मागे आला, बोटं मसाल्याने लाल.

"काय झालं?"

"काही नाही. मसाला डोळ्यात गेला."

"खोटं तुला कधीच जमलं नाही, नेडी."

मी दचकले. तो माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "सतरा तारखेला आत गेलो तर प्रूइटला तोंडानेच सांगेन सगळं. तेवढा तरी फायदा."

परत आल्यावर मी वही काढली तर विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"शहरं."

"मग मेम्फिसला नऊ दे."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सुटलो!!!

सकाळी साडेदहा. नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. केस्लरबाईंचा फोन. मी उचलला. आधी वाटलं त्या रडतायत म्हणजे वाईटच बातमी.

"नाही चालवणार! आरोप मागे. कायमचे, नेडी, कायमचे! त्याला द्या फोन."

रॉयसने फोन कानाला लावला, नुसतं "हो बाई, हो बाई" म्हणत राहिला. फोन परत देऊन विचारतो, "मग सतराला नऊ वाजता हजर व्हायचं ना?"

"नाही रे वेड्या! कुठेही हजर व्हायचं नाही!"

तो बाकावरून उठला, पाच पावलं चालला, परत आला, बसला. पुन्हा उठला. जवळून कुत्रं फिरवत चाललेल्या म्हातारीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, माझा भाऊ सुटला. तिला काय कळलं देव जाणे, पण तिने त्याला मिठी मारली. कुत्रं आमच्या पायात गुंडाळलं.

प्रूइटला संध्याकाळी सांगितलं.  मग — "बरं झालं. चौथं शहर राहिलंय, विसरू नकोस." आणि फोन बंद. त्याची वेळ संपली नव्हती. त्याने स्वतःच ठेवला.

आता बोलता येईल. कायद्याने, शपथेने, कशानेही अडवलेलं नाही. आज मात्र नाही. आज त्याने तीन वाट्या पीच कॉबलर, ते पीचचं गरम गोड, खाल्लं. उद्या सांगते. पाचच वाजले होते रॉयस, आणि मी सात म्हटलं — एवढंच वाक्य आहे. पाठ करून ठेवलंय.

बुधवार, १५ ऑक्टोबर. न्यू ऑर्लिन्सच्या अलीकडे

पेट्रोल पंपावर उभी राहून लिहितेय.

सांगितलं. ती खोली, ते चार तास, पाचाचे सात. तो टाकी भरत होता.  माझं रडून झाल्यावर नळी जागेवर ठेवली आणि म्हणाला, "सातच वाजले होते, नेडी. तू खरं तेच बोललीस. पाच म्हणायला मीच तुला सांगितलं होतं, पोलीस यायच्या आधी, स्वयंपाकघरात. तू ते विसरलीस. मी विसरू दिलं."

"मग साडेसहाला कुठे होतास तू?"

टाकीचं झाकण फिरवत राहिला. केव्हाच घट्ट बसलं होतं ते.

"गाडीत बस," म्हणाला.

किल्ली माझ्याकडे आहे. तो आत बसलाय, पट्टा लावून. मी अजून बसलेले नाही.