वाळू संपेपर्यंत

आप्पा, दर रविवारी दुपारी टिळकवाडीत आम्ही चौघी मैत्रिणी एक खेळ खेळतो. दोघींची एक जोडी. एकीनं कार्ड उचलून त्यावरचा शब्द न उच्चारता त्याचं वर्णन करायचं, दुसरीनं वाळूचं घड्याळ रिकामं व्हायच्या आत तो ओळखायचा, की पटावरची सोंगटी पुढं. विकत आणलेला खेळ इंग्रजी होता, म्हणून कार्डं आम्हीच मराठीत लिहून काढली. माझं अक्षर बरं म्हणून निम्मी माझ्याच हातची. एक नियमही आमचाच: कन्नड शब्दात दिलेलं उत्तर धरायचं नाही. आठवडाभर ऑफिसात कन्नड बोलणाऱ्या बायकांना हा नियम जड जातो, आणि सगळी गंमत त्यातच असते.

परवाच्या रविवारी माझी जोडीदारीण म्हणाली, घरातनं भाईर पडताना दाराला लावतीस ते, किल्लीनं उघडतंय. मी लगेच म्हटलं, बीग. तिघी हसल्या. "कन्नड चालत न्हाय. मराठीत सांग की गं, वाळू संपाय लागली." आपल्या निपाणीच्या घराच्या कडीला अडकवलेली ती पितळी वस्तू मला लख्ख दिसत होती, तिचं वजनही हाताला आठवत होतं. नाव तेवढं नव्हतं. वाळू संपली. ऑफिसची सवय, असं मीच हसत म्हणाले आणि चहा टाकायला उठले. आत ओट्याला धरून उभी राहिले. ऑफिसची सवय, हेच वाक्य आपल्या घरात आम्ही तुमच्यासाठी वापरलं होतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि ताटाला तट्टे म्हणू लागलात, दाराला बागिलु. मराठीसाठी मोर्च्यात चाललेला माणूस घरात कन्नडमधून मागतो म्हणून आई रुसायची, मी चिडायचे. आम्हाला वाटायचं, जन्मभर कचेरीत घासलेली जीभ आहे. दुसऱ्या कुठल्या गावात तुम्ही शब्दाला अडखळलेलं चार दिवसांत लक्षात आलं असतं. आपल्याकडं सीमाभागात प्रत्येकाच्या पदरी दुसरा शब्द तयार असतो, पहिला हरवलाय हे कुणाला कळणार? आणि मग तो दिवस. आमटी अळणी झालीय, तुम्ही जेवताय, मी वाढतेय. "उप्पु दे," तुम्ही म्हणता. मिठाची वाटी माझ्या हातात आहे. "आप्पा, मराठीत मागा, मग देते." तुम्ही माझ्याकडं बघत राहता. मला वाटतं, हट्ट करताय. मग तुम्ही मान खाली घालता आणि भाकरी कुस्करून तशीच अळणी आमटी जेवता. मी जिंकल्यासारखी वाटी फळीवर ठेवते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते पुढं वर्षभरानं. नंतर तुमची कन्नडही गेली.

आता रोज सकाळी अंथरुणातच मी वस्तूंची नावं घेते. पंखा, खिडकी, उशी, कपाट. एखादं अडलं की ते सापडेपर्यंत मी उठत नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. मला फार भीती वाटते, आप्पा. तुम्हाला कळत होतं का, एकेक शब्द चाललाय ते? त्या दिवशी माझ्याकडं बघत होता तेव्हा शब्द शोधत होता, की ही पोरगी अशी का वागतेय याचा विचार करत होता? सांगायला तुमच्याजवळ शब्द नव्हते, आणि आज माझ्याजवळ आहेत तर ऐकायला तुम्ही नाही. कधीतरी माझ्या ताटाशीही वाटी हातात धरून कुणी उभं राहील. त्याला आत्ताच काहीतरी सांगून ठेवायला हवं, पण तोंड उघडत नाही.

हे पत्र कपाटातच राहील. तुमच्यापाशी एकच कबूल करायचं आहे. खेळ संपल्यावर डबा मीच आवरला आणि ते कार्ड गुपचूप पर्समध्ये घातलं. आत्ता ते समोर ठेवलंय. कुलूप. कार्डावरचं अक्षर माझंच आहे, आणि इथं तो शब्द मी त्यावर बघून लिहिला.