दुसरी मेणबत्ती

प्रिय ग्लेबुश्का,

उड्डाणाआधीच्या विलगीकरणातही तुला फोन घेऊ देतात, ठाऊक आहे मला. पण हे सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या कुंगूर गावात सध्या तुझीच हवा आहे. शेजारच्या क्लावाचं तर विचारूच नकोस. तू दोनदा अंतराळमोहिमेत राखीव राहिलास तेव्हा हीच म्हणायची, "झोया, तुझा पोरगा म्हणजे लग्नातला साक्षीदार गं! सूट घालून उभा राहतो, नवरी मात्र दरवेळी दुसऱ्याची." आता तीच बया जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ग्लेबला मीच कडेवर खेळवलाय.

मला मात्र तुझे पूल बांधण्याचे दिवस आठवतात. लष्कराच्या रेल्वे तुकडीत होतास, गोठलेल्या नद्यांमध्ये खांब रोवायचास आणि सुट्टीत आलास की दोन दिवस नुसता झोपायचास. मग अकादमीत जाऊन मोठा अभियंता झालास. वाटलं, आता लग्न करशील. तर म्हणालास, अंतराळवीरांच्या तुकडीसाठी अर्ज केलाय! मी कपाळावर हात मारला. पहिल्यांदा त्यांनी पाठीच्या मणक्यावरून परत पाठवलं, तेव्हा खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा घेतलं, आणि तिथे तुला तिमोफेय भेटला, आपला तिमोशा.

तुम्हा दोघांना सरावासाठी बर्फाच्या जंगलात सोडून दिलं होतं, त्यानंतर सोललेली नाकं घेऊन घरी आलात आणि माझे कोबीचं सारण भरलेले पिरोग ताटभर फस्त केलेत. अनाथाश्रमात वाढलेलं पोर ते. प्रवासाला निघण्याआधी आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं ना, तेव्हा हा बसूनच राहायचा. "झोया मावशी, इथून उठवत नाही बघ," म्हणायचा.

तेव्हापासून दर रविवारी मी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावायचे, एक तुझी, एक त्याची. या वसंतात कळलं की अंतराळात जाणार तिमोशा, आणि तू पुन्हा राखीव. तुझं वय मला ठाऊक आहे. यानंतर तुला कुणी विचारणार नाही, हे मला वेगळं सांगायला नको होतं. त्या रविवारी मी एकच मेणबत्ती लावली. दुसरी हातात होती, ती तशीच पर्समध्ये टाकली. मनाला बजावलं, मी काही त्याचं वाईट चिंतलं नाही, फक्त त्याच्यासाठी काही मागितलं नाही. पण आपल्या मनाला कुठे फसवणार?

मग त्याच्या मूत्रपिंडात खडे निघाले. तू फोनवर रडवेला होऊन म्हणालास, "आई, तिमोशाला काढलं, माझं नाव घातलंय." आणि मी हसले रे! तो कसा आहे हे न विचारता आधी क्लावाला हाक मारली. मेणबत्ती न लावल्याने कुणाला खडे होत नाहीत, एवढी अक्कल मला आहे. लाज वाटते ती त्या हसण्याची. दुसऱ्या दिवशी तिमोशाचाच फोन आला. "मावशी, आपला ग्लेब चालला!" म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उड्डाणाच्या दिवशी काचेपलीकडे घरच्यांच्या घोळक्यात मला शोधू नकोस. मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. परवा मॉस्कोच्या दवाखान्यातून एका परिचारिकेचा फोन आला होता. तिमोशाचं ऑपरेशन त्याच सकाळी आहे, आणि जवळचं माणूस कोण म्हणून विचारल्यावर त्याने माझं नाव सांगितलं. मी आज रात्रीच्या गाडीने निघतेय. त्याला मी यातलं काही सांगणार नाही. सांगितलं तर तो हसून माफ करेल, मला हलकं वाटेल, आणि तेवढं स्वस्तात मला सुटायचं नाही. ज्या उड्डाणासाठी मी एवढ्या खालच्या थराला गेले, ते मी बघणार नाही. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं हेच विचारेल, ग्लेब वर नीट पोचला का? ते सांगायला त्याच्याजवळ कुणीतरी हवं.

तुझीच,
आई