ईस्टर उलटून गेल्यावर

बुलाकान, फिलिपिन्स, २० एप्रिल १८९०

प्रिय एउसेबियो,

ऑगस्टच्या बोटीत बसू का, घरी येऊन एकदाचं लग्न करू का, असं तू विचारलंस. पत्र ऐकताच टासियामावशी मेजवानीसाठी डुक्कर बघायला निघाली होती. तिला मीच थांबवलं.

आधी इथलं ऐक. तुमचं पाक्षिक माद्रिदहून हाँगकाँगमार्गे, कापडाच्या गाठोड्यात लपून नीट पोचतं. पण चारचौघींनी मिळून वाचायची चोरी. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत घरोघर ख्रिस्ताच्या दुःखाची गाथा आळवतातच, म्हणून मी तुझा लेख आपल्या टागालोग भाषेत करून त्याच चालीवर बसवला. माद्रिदच्या संसदेत, त्या कोर्तेसमध्ये, आपला माणूस हवा, आपल्या पाद्रींना आपली चर्चं मिळावीत, सगळं रडव्या सुरात. बायका डोळे पुसत मागून म्हणायच्या. म्हातारी सेंगा विचारायची, "हे कोर्तेस कुठल्या गावचे संत गं?" हसू नकोस, आता तीच सुनांना समजावते. इतकी सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते.

गाणं असं रंगलं की ईस्टर उलटल्याचं भानच राहिलं नाही. चर्चचा सेवेकरी खिडकीखाली थांबला. "बायांनो, ख्रिस्त उठून आठवडा झाला. अजून कुणाला रडताय?" मी कागद पटकन चटईखाली सारले. मावशी मात्र सुमानचा गोड भात पानातून सोलता सोलता म्हणाली, "आमच्या घरी दुःख जरा उशिरा संपतं बाबा. खातोस?" त्याने दोन खाल्ले.

पण खाल्ल्या मिठाला जागला नाही. दुसऱ्या दिवशी खुद्द स्पॅनिश पाद्री आले. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. चॉकलेट प्याले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुझा एउसेबियो कुठल्या बोटीने येतोय? लग्न मीच लावीन हो." मागच्या वर्षी मास्तरांच्या मुलाची चौकशी त्यांनी अशीच गोड आवाजात केली होती. त्याला धक्क्यावरच पकडून दूरच्या बेटावर धाडलं.

मी सांगितलं, तो इतक्यात येत नाही. तेव्हा ते खोटं होतं, खरं तूच कर. येऊ नकोस. तू मला रोज हवा असतोस, पुढच्या महिन्यात एकतीस पुरी होतील, तरी येऊ नकोस. तिथेच राहा, लिहीत राहा. 'ये' असं लिहिलेली दोन पत्रं मी फाडली. हे पाठवते.

इथे बरी असलेली, तुझीच,
बासिलिसा