चौथ्या नळीचं पाणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नवी नोकरी, म्हणून नवी वही. देवरुखहून निघताना आईला धाकधूक होती, पण नंदाखालला उतरले आणि वाटलं, हे तर आपल्याकडचंच. तेच माड, त्याच केळी, कुंपणाला अबोली. प्रयोगशाळा लहानशीच, केळीच्या रोगावर औषध तयार करणारी. फ्रेडरिक सरांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. राहायची सोयही त्यांनीच केली, शेजारीच, त्यांच्या बहिणीकडे. इझाबेलबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी जेवलीस का ते विचारलं.

६ फेब्रुवारी
काम मनापासून आवडलं. तपकिरी बाटलीतलं औषध एक मिली घ्यायचं, नऊ मिली पाण्यात मिसळायचं. ही पहिली नळी. तिच्यातलं एक मिली दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. प्रत्येक नळी आधीच्यापेक्षा दहापट पातळ. मग प्रत्येकीत दहा डॅफ्निया सोडायच्या. पाण्यातले टाचणीच्या डोक्याएवढे जीव. दुसऱ्या दिवशी जिवंत किती ते मोजायचं. तिसरीपर्यंत सगळे मेले, चौथीत सगळे मजेत.
चौथीइतकं पातळ पाणी सर रोज कॅनभर करून घेतात. दुसऱ्या लॅबला लागतं म्हणाले.

१४ फेब्रुवारी
इथली विहीर मचूळ, म्हणून इझाबेलबाई माझा माठ स्वतः भरून ठेवतात. काल त्यांना बाबांचं सांगितलं. ते शेवटचे दिवस मोजत होते आणि मी परीक्षेला निघून गेले, हे. आजवर कुणाशीच बोलले नव्हते. केसांवरून हात फिरवत राहिल्या. सरही रोज विचारतात, झोप लागली का, भूक कशी आहे. घरचीच माणसं मिळाली.

२४ फेब्रुवारी
बोटांना मुंग्या येतात. पिपेट थरथरते. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, आजपासून कॅन तिसऱ्या नळीइतका तीव्र कर. तिसरीत तर सगळे मरतात, मी म्हटलं. हसले. “त्या डॅफ्निया गं, स्वप्ना.”

३ मार्च
जीभ जड. अन्नाला लोखंडाची चव. पाणी बदललं की होतं असं, बाई म्हणतात. स्वतः मात्र स्वयंपाकघरातल्या कळशीतलं पितात. माझ्या माठातलं कधीच नाही.

५ मार्च
लेबलं शोधताना सरांच्या खणात एक वही सापडली. ‘चौथी – ६ ते २३ फेब्रुवारी. तिसरी – २४ पासून.’ समोर शेरे. झोप बरी. बोटांना मुंग्या. आणि १३ तारखेपुढे – ‘वडिलांच्या आठवणीने रडली. अर्धा तास.’
ते मी फक्त बाईंना सांगितलं होतं.
माठातलं पाणी लॅबमध्ये नेलं. दहा डॅफ्निया सोडल्या.

६ मार्च
दहाही मेल्या.
बाईंना विचारलं, का? त्या मटार सोलत होत्या. सोलतच राहिल्या. “कुणीतरी प्यायल्याशिवाय कळणार कसं, बाय? उद्या हजार लोक ती केळी खातील.” मग मीच का? “तुझी आम्ही काळजी घेतो ना. परक्याची कोण घेईल?”
फोन सापडत नाही. जिभेवर शब्द वळत नाहीत –

७ मार्च
सकाळीच वाडीतून निसटले. पाय ओढत आगाशीच्या रस्त्यापर्यंत. एक रिक्षावाला थांबला. केनी नाव त्याचं. त्याच्या बाटलीतलं पाणी पाजलं. कसलीच चव नाही त्याला – किती गोड –
बोलता येत नाही. लिहून दाखवलं. “अक्षर लागत नाय गो,” म्हणाला. माझ्या गळ्यातलं लॅबचं ओळखपत्र बघितलं. त्यावरचा नंबर फिरवला. मी मान हलवत होते, नको, नको – त्याला वाटलं, थंडी वाजते. आपला रुमाल दिला –

सरांची गाडी.
बाई उतरल्या. रडतायत. खऱ्याच रडतायत. आमची पोर, म्हणतात, डोक्यावर परिणाम – चार दिवस झाले – केनी मान डोलावतोय. देव भलं करो म्हणतोय त्यांचं. माझी पिशवी उचलून गाडीत – आता वही मागतायत, हळू बोलून, दे बाळा –
मी ती रिक्षाच्या सीटखाली सरकव