नानांचा डोळा आणि मी वाचवलेली माणसं

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही तसे बरे आहोत, फक्त मला झोप लागत नाही आणि कामावर हातातला पाना सुटून पडतो. (लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला पाना काढायला परत खाली उतरावं लागतं, आणि तोवर वरच्या मजल्यावरची माणसं नुसती बटण दाबत राहतात. असो.)

तुला कळलंच असेल, हिच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर ते आमच्याकडे आहेत. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासून अधू. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला अक्षर बघायचं नाही म्हणजे केवढी शिक्षा! डॉक्टरांनी बजावलं होतं की वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही नाना रडले नव्हते, त्यामुळे त्या बाजूने आम्ही निर्धास्त होतो. हिची ड्यूटी दुपारची, सुटायला रात्र होते. तेव्हा संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तू लहानपणापासून पुस्तकात तोंड खुपसून बसणारी. मी आजवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक एकच, लिफ्टच्या मोटरची माहितीपुस्तिका, आणि सूचना पाळल्या तर तिच्यात कोणी मरत नाही.

पहिलीच कादंबरी निघाली एका नावाड्याच्या मुलीची. पोरगी गोड, नाना रोज संध्याकाळी तिची वाट बघायला लागले. शेवटच्या प्रकरणात वादळ आलं, होडी उलटली, आणि माझी नजर दोन ओळी पुढे गेली तर ही बया सरळ बुडत होती! वर बघतो तो नानांची हनुवटी थरथरतेय. ताई, मला पट्टीखालचा तो डोळा दिसला, डॉक्टर दिसले, हिचा चेहरा दिसला (तो जास्त स्पष्ट दिसला). माझ्या तोंडून आपोआप निघालं की इतक्यात तिच्या हाताला एक फळी लागली. मग मी तिला किनाऱ्यावर आणलं, गरम कपडे दिले आणि पुस्तक मिटून टाकलं. नाना खुर्चीत मागे टेकून म्हणाले, लेखक धीराचा आहे.

त्यानंतर मला सुटकाच उरली नाही. मिठागरवाल्या तीन भावांचं भांडण मी कोर्टाच्या पायरीवरच मिटवलं. विनोदी कादंबरी मी अशा आवाजात वाचली, की नानांनी मध्येच विचारलं, यात कोणी आजारी आहे का? रहस्यकथेत तर माझी पार फजिती झाली. पहिल्या प्रकरणात म्हाताऱ्या सावकाराचा खून होताना मी घाबरून त्याला वाचवलं, आणि मग उरलेलं अख्खं पुस्तक त्या गुप्तहेराला काम काय द्यायचं हे मला सुचेना. शेवटी त्याला सावकाराची हरवलेली छत्री शोधायला लावली. नानांना ते फार आवडलं. म्हणाले, हल्ली इतकं साधं कोणी लिहीत नाही.

पट्टी निघाली, डोळा उत्तम. मी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच नानांनी सांगितलं की आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर महिन्याला एक वाचक आपल्या आवडत्या कादंबऱ्यांवर बोलतो, आणि या वेळी त्यांनी स्वतःचं नाव दिलंय. तिथूनच आणून परत केलेली ती सगळी पुस्तकं पुन्हा माझ्या नावावर काढून घरी दडवावीत म्हणून मी वाचनालयात गेलो, तर ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की ती कार्यक्रमासाठी टेबलावर मांडायची आहेत.

शनिवारी मी दाराजवळची खुर्ची धरली. नाना छान बोलले. महिन्यातली सर्वांत आवडती कादंबरी नावाड्याच्या मुलीची, कारण तिला मारणं सोपं होतं आणि लेखकाने ते टाळलं, असं म्हणाले. सभेत कुजबुज सुरू झाली. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "पण ती तर बुडते ना?" कोणीतरी हसलं. नानांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं आणि नव्या डोळ्याने सावकाश वाचलं. मग दाराकडे बघितलं. मी अर्धा उठलो होतो, तसाच राहिलो. नाना सभेला म्हणाले, "या प्रतीत चूक राहिलीय. मी मुद्रितं तपासलीत, मला कळतं." आणि पुढच्या कादंबरीकडे वळले.

परतताना नाना दोन पावलं पुढे चालत होते. मी मागून माफीची वाक्यं जुळवत होतो. फाटकापाशी ते थांबले.

"ती फळी कुठून आणलीत तुम्ही?"

"सुचली," मी म्हणालो.

"बरी सुचली." मग कडीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या वेळी आपल्याला कोणालाच काही सुचलं नाही." आणि ते तिथेच, फाटकाला धरून, रडले. मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, आता चालेल.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. डोळा बरा झाला तरी नाना म्हणतात, वाचायचं तुम्हीच. सध्या साथीच्या रोगावरची जाडजूड कादंबरी चालू आहे. काल मला कामावर उशीर झाला आणि हिची सुट्टी होती, तर हिने एक प्रकरण वाचून दाखवलं. ही छापलंय तेच वाचते! त्यात घरातली आजी गेली. नानांचा सगळा जीव त्या आजीवर होता. पुढे त्या घरचा कुत्राही जाणार आहे, मी चोरून पाहिलंय. तू इतकं वाचलंयस, गेलेल्या आजीला पटेल अशा रीतीने परत कसं आणायचं ते ताबडतोब कळव. मी अडखळत, पाणी पीत, हळूहळू वाचतोय.

ता. क. दुसरा : पत्र टेबलावर राहिलं आणि नानांनी वाचलं. वरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा त्यांच्या. कडेला त्यांनी लिहिलंय ते वाचता येत नसेल तर उतरवून देतो : "आजीला आता जाऊ द्या. कुत्र्याचं मात्र बघा."

तेव्हा ताई, फक्त कुत्र्याचं कळव.