किल्लारीला गेलेलं गोळ्यांचं पाकीट

माय,

रोज रात्री आठला तू गोळी माझ्या जिभेवर ठेवायचीस, पाणी पाजायचीस आणि ‘आ कर’ म्हणायचीस. मला फिट येतात हे कळल्यापासून गोळ्यांचं पाकीट तुझ्याच पिशवीत असायचं. घरात आपण दोघीच. बारावीचं वर्ष, लातूरभर पोरं पहाटे उठून क्लासला पळतायत आणि मी त्या गोळीनं पुस्तकावर पेंगतेय. फिट थांबल्या तरी गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी शहाणी. गोळी गालात दाबायची, तू वळलीस की मोरीत थुंकायची. तीन आठवडे तुला पत्ता लागू दिला नाही.

मग तू मावशीच्या मुलीच्या लग्नाला किल्लारीला गेलीस, मला शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवून. पाकीट चुकून तुझ्याबरोबरच गेलं. मला बरंच झालं, थुंकायचे कष्ट वाचले. दुसऱ्या दिवशी मी भर क्लासात पडले.

तू किल्लारीहून तशीच धावत आलीस. दवाखान्यात डॉक्टर तुझ्यावर ओरडले, ‘बाई, लग्न मोठं की लेकरू?’ तू तोंडाला पदर लावून उभी. ‘माजंच चुकलं, साहेब. पाकीट म्याच नेलं. लेकराला काई बोलू नका.’ मी शेजारी स्टुलावर. चावून जीभ सुजली होती, गप्प राहायला निमित्त बरं मिळालं. पण जीभ आठ दिवसांत बरी झाली, माय.

त्यानंतर तू एक रात्रही घराबाहेर राहिली नाहीस. मुदखेडला आजीनं अंथरूण धरलं, मामाचे फोनावर फोन. ‘आक्का, लई आठवण काढून राहिली तुजी. चार दिस ये की.’ तू म्हणालीस, ‘पोरीच्या गोळीचं कोन बघंल? मागं इसरले तर काय झालं, ठाव हाय ना तुला.’ मी तिथंच जेवत होते. ‘जा, तुझा दोष नव्हता,’ एवढंच म्हणायचं होतं. मी आणखी कालवण मागितलं. तू गेलीस ती आजीच्या मातीलाच, आणि गोळीच्या वेळेला परत आलीस.

मला स्वतःची फार लाज वाटते. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून तर लिहायची हिंमत झाली. गोळी आता मी एक दिवसही चुकवत नाही. मागच्या आठवड्यात नांदेडला नव्या डॉक्टरबाईंनी केसपेपर करताना विचारलं, ‘शेवटची फिट कशामुळं आली होती?’ त्या ना तुला ओळखत, ना मला. खरं सांगायला काय जात होतं?

मी म्हणाले, ‘आई गोळ्या द्यायला विसरली होती.’ त्यांनी तसंच लिहून घेतलं.